सेविका नव्हे, नोकर

"पोरांची ढुंगणं धुणाऱ्यांना पेन्शन?"

असं म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी हसले. मंदिराच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. बालवाडीच्या शिक्षिका हसल्या. कारकूनही हसला. मी उभीच.

त्या दिवशी पार्वताअक्काचा निरोप होता. अक्का पिंपळनेरकडची, नवऱ्यानं टाकलेली. धुळ्यातल्या या देवस्थान ट्रस्टच्या पाळणाघरात मुलं सांभाळता सांभाळता म्हातारी झाली. साडी-नारळ तिच्या पदरात वरून टाकला. हात लागू नये म्हणून. मी फक्त विचारलं होतं, "अक्काला फंड, पेन्शन काही मिळेल का?"

हसून झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "फंड नोकरांना असतो. तुम्ही सेविका. देवाचं काम करता."

शिक्षिका आणि कारकून त्याच देवाच्या दारात कामाला. त्यांना फंड होता. आम्ही आया, बहुतेक बौद्ध वस्तीतल्या. शी-मूत आम्ही काढायचं, दुधाच्या बाटलीला हात लावायचा नाही. सेक्रेटरींच्या घरी लग्न निघालं की भांडी घासायला आम्हीच. तिथं पाहुण्यांना सांगायचे, "ट्रस्टच्या नोकरबाया आहेत." भांड्यांपुरत्या नोकर. फंडापुरत्या सेविका.

अक्का बाहेर पायरीवर बसली. तिच्या अहिराणीत म्हणाली, "मनं म्हातारपण देव सांभाळी का वं?"

 त्या दिवसापासून मी ट्रस्टवाल्यांचा एकेक शब्द उलटा करून बघायला लागले.

मग एका सकाळी बालवाडीच्या मुख्याध्यापिकांनी मला 'ताई' म्हटलं. स्वतःच्या कपबशीत चहा दिला. एवढ्या वर्षांत कधी नाही.  यांना काय हवंय?

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "फंडाचे साहेब तपासणीला येताहेत. विचारलं तर सांगा, आम्ही मनानं सेवेला येतो."

चहा मी तसाच ठेवला.

साहेब आले. आम्हा आयांना रांगेत उभं केलं. पुढच्या दोघींनी शिकवलेलं बोलून दाखवलं, माना खाली घालून. त्यांचा राग आला नाही. घरी लेकरं होती. मलाही होती.

"तुम्ही?"

"मी नोकर आहे, साहेब. उशीर झाला तर पगार कापतात. सेवेचा पगार कापतात का?"

सेक्रेटरी खाकरले. साहेबांनी लिहून घेतलं, मग सेक्रेटरींच्याच खोलीत चहाला गेले. दार आतून बंद झालं. तेव्हा साहेबांवरचाही भरवसा उडाला.

दुसऱ्या दिवशी मला फाटकातूनच परत पाठवलं. आठवड्यानं कारकून घरी आला. "माफी मागा, परत घेतील."

"कसली माफी?" मी विचारलं. तो चपला घालून निघाला.

फंडासाठी अर्ज करायचा म्हणून मी अक्काकडे गेले. रांगेतल्या त्या दोघींपैकी एक आधीच तिथं बसली होती, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "माझं बी नाव घाल." आम्ही नाशिकच्या फंड कचेरीत जायचं ठरवलं.

कचेरी हुसकावेल, तर पुन्हा जाऊ. ट्रस्ट कोर्टात ओढेल, तर उभ्या राहू. कुणी गोड बोललं, तर आधी संशय घेऊ. आणि अर्जावर पहिलं नाव अक्काचं, त्यापुढे एकच शब्द: नोकर.