बोलीचा खांब आणि विहीणबाई

लितद गुरुजींनी नव्या नावाची तयारी नात पोटात होती तेव्हापासूनच चालवली होती. आम्हा लुंदाये लोकांत रीतच आहे. पहिलं मूल झालं की आईबापांनी नवं नाव घ्यायचं, पहिलं नातवंड झालं की दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी. रेडा कापायचा, गाव जेवू घालायचं आणि भरल्या मांडवात नाव पुकारायचं. गाव "हो" म्हणालं की जुनं नाव संपलं. पुढे कबरीवर कोरतात तेही हेच. म्हणून गुरुजींना नाव असं हवं होतं की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. सहा महिने कागद खराब करून त्यांनी ते शोधलं: बोलीचा खांब.

आता बोलीचा आणि गुरुजींचा संबंध काय, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं ह्या माणसाने आमच्या शाळेत घरची बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली. पाटीवर सरकारी भाषेत ठसठशीत अक्षरं: 'मी आज रानटी बोललो.' दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून त्याचं नाव गुरुजींना सांगायचं, तेव्हाच सुटका. पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांच्या तोंडाकडे टपून बसायची. शिक्षण म्हणतात ते हेच! गुरुजी मात्र खूश, कारण तपासणीला आलेला साहेब म्हणायचा, वा, किती शांत शाळा.

निवृत्त झाले आणि वारं फिरलं. शहरातून आवाज टिपायची यंत्रं घेऊन माणसं आली आणि म्हणाली, तुमची बोली मरायला टेकली आहे. गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी! आठवड्यात बोली बचाव समिती निघाली, अध्यक्ष कोण ते विचारू नका. समितीच्या बैठका सरकारी भाषेत, ठराव सरकारी भाषेत. 'आपली बोली वाचवा' हा फलकसुद्धा सरकारी भाषेतच, म्हणजे म्हाताऱ्यांना तो वाचून घ्यावा लागे.

गुरुजींची एकुलती एक लेक मार्ता. तिच्या कानावर बोलीचा शब्द पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या म्हाताऱ्या आईलाही घरात गप्प बसवलं होतं. मार्ता लग्न करून डोंगरापलीकडे गेली. तिकडे देश दुसरा, झेंडा दुसरा, आमच्या लोकांना नावही दुसरंच, लुन बावांग. बोली तीच. सासूबाईंशी बोलता येईना म्हणून पोरगी पहिलं वर्षभर नुसती हसायची. मग सासूनेच तिला चुलीपाशी बसवून एकेक शब्द शिकवला.

ही सासू म्हणजे बुलान. आणि गुरुजींना धास्ती होती ती हिचीच.

बुलान मूळची आमच्याच गावची. नऊ वर्षांची असताना आजी शाळेच्या दारात पानात बांधलेली भाताची पुडी घेऊन आली, तर पोरगी बोलीत म्हणाली, "आजी, ऊन आहे, आत ये." झालं, पाटी गळ्यात! बरं, दुसऱ्या कुणाचं नाव सांगून सुटावं, तर तेही नाही. अकरा दिवस पाटी घालून वावरली. बाराव्या दिवशी पाटीसकट डोंगर चढून पलीकडे मावशीकडे गेली, ती गेलीच. शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. गुरुजींनी सुताराकडून नवी पाटी करून घेतली.

लग्नात ती ह्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. अडतीस वर्षं झाली, विसरली असेल, असं गुरुजी स्वतःला समजावत होते. एकदा नाव पुकारलं की मागचं सगळं धुऊन निघेल, ह्याच आशेवर गडी जगत होता.

समारंभाच्या सकाळी बुलानची जीप चिखल उडवत आली. साखरेची पोती, दोन डुकरं, आणि काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"काय व्याहीबुवा, झोप लागली का रात्री?"

"लागली की! का बरं?"

"नाही, डोळे सुजलेत. नाव घोकत होता की काय?"

"विहीणबाई, तुमचं नाव ठरलं?"

"ठरलंय. साधंच आहे. तुमच्यासारखं वजनदार आम्हाला कुठलं झेपायला!"

मांडवात आधी गुरुजींचं नाव आलं. गावचे वडीलधारे तागल आजोबा ह्यांनी पुकारलं, "बोलीचा खांब! आहे कबूल?" लोक "हो" म्हणून ओरडले. फुकटचा रेडा समोर शिजत असताना नाही कोण म्हणतो? गुरुजी उठले आणि पाऊण तास बोलीच्या प्रेमावर बोलले, सरकारी भाषेत. त्यांचं काळीज सुपाएवढं झालं होतं.

मग बुलानची पाळी. तिने फडकं सोडलं. आतून सुरीच्या घावांनी भरलेली फळी निघाली. तिने ती उलटी केली, दोरीने गळ्यात अडकवली आणि मांडवाकडे तोंड केलं. अक्षरं अजून वाचता येत होती.

"पाटी," ती म्हणाली. "माझं नाव पाटी."

"अगं, हे काय नाव झालं?" तागल आजोबा गडबडले.

"अडतीस वर्षं हिच्यावर भाजी चिरतेय, आजोबा. आणि अकरा दिवस सगळी शाळा मला ह्याच नावाने हाक मारत होती. गुरुजींनीच ठेवलेलं नाव आहे, मी फक्त कबूल करतेय."

मागच्या बाकावरून एक टक्कल पडलेला माणूस उठला आणि म्हणाला, "हो." त्याच्या शेजारची बाई उठली. पन्नाशीतली माणसं एकेक करून उभी राहिली, ह्या देशातली आणि त्या देशातली. कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते "हो" म्हणत होते.

रीतीप्रमाणे नव्या नावाने पहिली हाक व्याह्यानेच मारायची, हातात भाताची पुडी देऊन. गुरुजी पुडी घेऊन उभे राहिले. सवयीने सरकारी भाषेत सुरुवात केली.

"आपल्या बोलीत, खांबबुवा," तागल आजोबा म्हणाले. "गावाला ऐकू दे."

गुरुजींचा चेहरा उतरला. लाज वाटली हो त्यांना, जन्मात पहिल्यांदा.

"पाटी," ते कसेबसे म्हणाले, "ऊन आहे. आत ये. जेव."

बुलानने पुडी घेतली. शेजारी मार्ता मांडीवरच्या लेकीला सासूने शिकवलेलं गाणं गुणगुणत होती.

"दोन-तीन वर्षांत ही बोलायला लागेल," बुलान म्हणाली. "आजीचं नाव असं का, म्हणून विचारेल. तेव्हा तुम्हीच सांगा तिला, गुरुजी. मी नाही सांगणार. मी तेव्हाही कुणाचं नाव सांगितलं नव्हतं."