हात जोडले नाहीत म्हणून

"तुह्या नवऱ्याचे डोळे कायच्यानं गेले, ठाऊक हाये का तुले? मागच्या साली सीतादहीले तू हात नाही जोडले. म्हणून."

पाटलीणबाई हे सगळ्या बायांसमोर बोलली. तिच्या हातात दहीभाताची वाटी. पायाशी हळदकुंकू लावलेले दगड. कापूस वेचायचा पहिला दिवस होता. घाटंजीकडच्या आमच्या भागात पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही मांडतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत जागा साफ करायची, दगड मांडून पूजा करायची, दहीभात झाडांवर शिंपायचा. कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा म्हणून. मग वेचणी.

आम्ही बौद्ध. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दगडाला कोणी हात जोडले नाहीत. मी दरवर्षी कमरेला कापसाची ओटी बांधून वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी राहायचे. पूजा आटोपली की माझी पात, वेचायची ओळ, धरायचे. कोणी काही म्हणायचं नाही. माझे हात भरभर चालतात हे पाटलिणीला पक्कं ठाऊक होतं, तेव्हा देवही रुसत नव्हता.

"यंदा जोड हात. नाही तं वावरात पाय नको ठेवू. तुह्यापायी आमच्यावर काही यायचं."

बाया खाली बघत होत्या. दरवर्षी माझ्या शेजारची पात धरणारी सुमन पदराचं टोक पिळत होती.

खरं सांगते, माझे हात अर्धे वर आले होते. गावात ही कुजबुज आधीपासूनच होती. सकाळी निघताना नवरा खाटेवरून म्हणाला होता, "बाई म्हणन तं जोडजो हात. काय जाते आपलं? आता तुह्याच हातावर हाये सारं." एका लग्नात आमची पंगत वेगळी मांडली, म्हणून हा माणूस भरल्या ताटावरून उठला होता. तो मला हात जोड म्हणाला.

त्याचे डोळे गेले तो दिवस मी पाहिला आहे. यंदाचाच फवारणीचा हंगाम. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. मी विहिरीचं पाणी आणून ड्रममध्ये ओतत होते, नवरा औषध कालवून पंप भरत होता. तोंडाला माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं. त्याने बाभळीखाली बसलेल्या पाटलाला आवाज दिला, "पाटील, वारा तोंडावर येऊन राह्यला. थांबतो जरासा."

"वाऱ्याले काय भेतं बे? उरकव आज. उद्या पाणी आलं तं औषध वाया जाईन."

नवरा थांबला नाही. थांबणार कसा? संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. डोळ्यांत तिखट गेल्यासारखा तळमळत होता. तालुक्याचा दवाखाना, मग यवतमाळ. जीव वाचला. डोळ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, आता सांगता येत नाही. अजूनही सांगता येत नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळतं.

पाटील दवाखान्यात आला होता. बिस्किटाचा पुडा घेऊन. मी रडत होते. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "रडतं कायले? तुमचाच बुद्ध सांगून गेला ना, दुनिया दुःखानं भरली हाये म्हणून? सोसा लागते."

मी मान खाली घातली. आमच्याच बुद्धाचं नाव घेऊन त्याने माझं तोंड बंद केलं.

पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. चुलतसासू चष्मा लावून वाचते. फवारणीचे महिनेही तेच. माणसं औषधाच्या वासाचे कपडे घालूनच येऊन बसतात. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. कारण गेलं की दुःख जातं. जायची वाट आहे. हे मी दरवर्षी ऐकलं, पेंगत ऐकलं. दिवसभराचं निंदण कमरेत असायचं. पहिलं वाक्य तेवढं कळायचं. ते कळायला विहारात जायची गरज नव्हती.

आता दगडांपुढे उभी असताना मला दिसलं. पाटील पहिल्या वाक्यावर थांबला होता. पाटलीण दुसऱ्यावर आली, आणि कारण म्हणून तिने मलाच तिथे उभं केलं. मी हात जोडले असते, तर ते कारण मी कबूल केलं असतं. मग तो वारा कुठला, ती बाभळ कुठली, अन् तो पाटील कुठला?

हात खाली आले.

"बाई, त्यायचे डोळे औषधानं गेले. वारा तोंडावर होता. ते थांबतो म्हणे, पाटलानं थांबू नाही देल्लं. मी ड्रमापाशी उभी होती. कारण हे हाये."

पाटलिणीने दहीभाताची वाटी दगडांपाशी आदळली.

"लय शाणी झाली विहारात जाऊन. निंघ वावरातून."

मी ओटी सोडली. सुमनकडे पाहिलं. तिने वाकून तिची पात धरली, थोड्या वेळाने माझीही धरली. मला तिचा राग आला. तिचीही चूल आहे हे कळतं, तरी राग आहे.

घरी पावलं ऐकून नवरा म्हणाला, "इतक्या लौकर काहून आली? नाही जोडले?"

"नाही."

तो भिंतीकडे वळला.

तेव्हापासून मला कोणी वेचणीला बोलावत नाही. सगळं शिवार पांढरं झालंय आणि माझे हात रिकामे आहेत. जोडले असते तर बरं झालं असतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? चूल थंड असली की वाटतं.

परवा कळलं, तुरीवर अळी पडली. पाटील पंपासाठी माणूस शोधतो आहे, आणि त्याने माझ्या धाकट्या दिराला विचारलंय. मी दिराच्या घरी गेले. भाऊजी चहा पीत होते. त्यांचा हात धरून आणलं आणि खाटेसमोर बसवलं. नवऱ्याला चाहूल लागली. त्याने तोंड वळवलं, भाऊ बसला होता त्याच्या जरा पलीकडे.

"कोण हाये?"

भाऊजींनी पुढे होऊन त्याचा हात धरला. ते पंप घेतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्याही घरी लेकरं आहेत. पण आता या गावात ज्याच्या पाठीवर तो पंप चढेल, त्याला मी आधी या खाटेसमोर आणून बसवणार. आणि कारण कोण, ते पाटलाचं नाव घेऊन सांगणार.