चहा सोडलेला पैलवान

पारशिवनीकडच्या जुन्या माणसाला डोमाजीबद्दल विचारलं, तर तो आधी दोन्ही हात ताणून त्याच्या छातीची रुंदी दाखवी आणि मग बोलू लागे. माणूस होताच तसा. चिखलात रुतलेलं गाडीचं चाक त्यानं ज्वानीत एकट्यानं वर काढलं होतं. त्या एका चाकाची कीर्ती घेऊन तो नागपुरात आला, कापसाच्या गिरणीत गाठी वाहू लागला, आणि जुम्मा तलावामागच्या आखाड्यात अंगाला माती लावू लागला. तिथल्या कुस्तीच्या हौद्यातली माती तेल, ताक आणि हळद पिऊन इतकी मऊ झाली होती की पडलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये.

पण वय कोणाच्या आखाड्यात नाव नोंदवून येत नाही. चाळिशीला टेकला तेव्हा डोमाजीचा नाल छातीवर अडू लागला. नाल म्हणजे मधोमध मूठ कोरलेला दगडी गोटा. डोक्यावर गेला तर नाल, नाहीतर नुसता धोंडा.

त्याच वर्षी वस्ताद गणपतरावांचे गुडघे गेले. रोज पहाटे हौद्यात पहिलं फावडं मारायचं ते वस्तादानं, अशी तिथली रीत. ते फावडं आता आपल्या हाती येणार, हे डोमाजीनं मनात पक्कं धरलं होतं. दुसरं त्याला काही नको होतं.

गणपतराव म्हणाले, "फावडं वयानं नाई भेटत गा. नागपंचमीले नाल डोक्यावर घे, फावडं तुझं. नाई घेतला, तर मधुसूदनचं."

मधुसूदन त्यांचाच पठ्ठा, पंचविशीचा, सागासारखा सरळ. त्याचा नाल रोज डोक्यावर जाई.

त्या दिवसांत गिरणीच्या फाटकाशी चहा कंपनीची गाडी उभी राहू लागली. लोकांना चव लागावी म्हणून फुकट कप वाटत. आखाड्यात चहाला मनाई होती. चहा रक्त आटवतो, हाडं पोकळ करतो, असं गणपतराव सांगत. पण एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर डोमाजी इतका थकला होता की त्यानं कप तोंडाला लावला. मग आखाड्यात गेला आणि मुद्गल फिरवू लागला. हात भरून येण्याची वेळ झाली, तरी भरून येईनात. रोज जिथं दम संपे, तिथून त्या दिवशी पुढं वाट दिसली.

पैलवानाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: जे अंगी लागतं, ते वाढवायचं. दूध वाढवायचं, तूप वाढवायचं, बदाम वाढवायचे. डोमाजीनं चहाही खुराकातच धरला. बायकोला, प्रयागबाईला, त्यानं बाजारातून पत्ती आणून दिली आणि कसरतीनंतर रोज संध्याकाळी लोटाभर चहा दुधात उकळून घेऊ लागला.

चार दिवस नाल फुलासारखा गेला. मग झोप गेली. छातीत ढोलकी वाजू लागली, भाकरी मोडताना बोटं थरथरू लागली, आणि नाल पुन्हा छातीवर येऊन बसला.

"रातभर छपराच्या बल्ल्या मोजता अन् दिवसा जांभया देता," प्रयागबाई म्हणाली. "अवो, कसरत आखाड्यात होते, पण ताकद झोपेत मुरते. लोणचं रोज ढवळून राहिलं, तर मुरन का?"

"तुले काय समजते वं कसरतीतलं?"

"लोणच्यातलं समजते."

तिनं लोटा बंद केला. सकाळी एक कप, संध्याकाळी थेंब नाही. झोप परतली, बोटांची थरथर थांबली, आणि श्रावण लागायच्या आत नाल डोक्यावर गेला.

इथपर्यंत आला होता डोमाजी. आणि इथंच चुकला. नागपंचमीआधी पैलवान नेम धरतात: जमिनीवर निजायचं, तिखट सोडायचं, बायकोशी अंतर ठेवायचं. डोमाजीनं नागोबाचं नाव घेऊन सकाळचा कपही सोडला. मनाई मोडल्याचं पाप निदान सणापुरतं तरी धुवावं, एवढाच त्याचा हेतू होता.

दुसऱ्याच दिवशी कपाळात घण पडू लागले. अंग भिजलेल्या कापसाच्या गाठीसारखं जड. त्याला वाटलं, देव कोपला. म्हणून त्यानं एका वेळचं जेवणही सोडलं.

"देव नाई कोपला," प्रयागबाई म्हणाली. "माह्या बापानं तंबाखू सोडली, तवा तोही असाच भिंतीले डोकं टेकून बसे."

डोमाजीनं ऐकलं नाही.

नागपंचमीला हौद्याभोवती माणूस मावत नव्हता. डोमाजीनं नाल उचलला. छातीपर्यंत आला, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. नाल मातीत धप्पकन बसला.

"डोमाजीभौ, गाठ नोय ते गिरणीतली!" कोणी ओरडलं. लोक हसले.

गणपतराव म्हणाले, "दम घे. पोरांच्या कुस्त्या होऊ दे. मंग एक डाव अजून."

आखाड्याच्या फाटकाबाहेर बायकांत प्रयागबाई उभी होती. पदराखाली गडवा होता, त्यात चहा. डोमाजी दम घ्यायला बाहेर येताच ती हळूच म्हणाली, "दवाई समजून प्या. तिकडं भिंतीमांगं जा."

डोमाजी भिंतीकडे चार पावलं गेलाही. मग थांबला. भिंतीआड पिऊन मिळालेलं फावडं जन्मभर भिंतीआडच धरावं लागेल, असं त्याच्या मनात आलं. तो परत फिरला, आखाड्याच्या पायरीवर सर्वांसमोर बसला आणि चहा प्याला.

हसू थांबलं. कोणी थुंकलं. गणपतराव पाहत राहिले.

पोरांच्या कुस्त्या चालल्या होत्या. हळूहळू कपाळातले घण दूर गेले. डोमाजी उठला, हाताला माती चोळली, मूठ धरली. नाल गुडघ्यावर, छातीवर, खांद्यावर आला आणि डोक्यावर उभा राहिला. खाली ठेवला तोही हळू, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

"नाल उचलला तुनं," गणपतराव म्हणाले. "पण काय पेऊन?"

"वस्ताद, चहानं ताकद नाई दिली. त्यानंच धरलेलं डोकं त्यानंच सोडलं, येवढंच. नाल माह्याच हातानं गेला."

"असंन. मले पटते. पण हे पोरं तुले पाहून राहिले ना गा. उद्या ते कप नाई, लोटा पेतीन."

डोमाजीनं पोरांकडे पाहिलं आणि हाताची माती झटकली. लोटा पिणारा पहिला माणूस तोच होता. फावडं मधुसूदनच्या हाती गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोमाजी येईल, असं कोणाला वाटलं नव्हतं. तो आला तेव्हा मधुसूदन माती उकरत होता, थोडा अवघडलेला. डोमाजीनं हौद्याची माती कपाळाला लावली आणि लंगोट कसला.

"बैठका किती घालू, वस्ताद?"

मधुसूदन फावड्यावर रेलला. "तुमीच ठरवा ना, डोमाजीभौ."

"नाई. आता तू ठरव."

मधुसूदननं फावडं मातीत रोवलं. "चहा घेतला काय आज?"

"घेतला. एक कप."

"मंग सगळ्यांच्या दीडपट घाला."

पोरं खो खो हसली. कित्येक वर्षांत डोमाजीला कोणी बैठका नेमून दिल्या नव्हत्या. त्यानं मांडीवर थाप मारली आणि पहिल्या बैठकीला खाली गेला.