रंगनाथ मामांची तलफ

भूतबाधा, अंगात येणं, असल्या कशावरही माझा विश्वास नव्हता… खरं तर आजही नाही. आम्ही बौद्ध. भोकरदनला आमच्या घरात साधा अंगारासुद्धा कधी आला नाही. त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

मी जालन्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये समुपदेशक आहे. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या पेशंटची बिडी-सिगारेट सोडवणं हे माझं काम. स्वतः मात्र आयुष्यात एक झुरकाही घेतलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात शहागडचे रंगनाथ मामा ॲडमिट होते. हायवेवर पंक्चरचं दुकान, चाळीस वर्षं बिडी. दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. तरी डाव्या कानावर एक बिडी कायम अडकवलेली – वॉर्डातसुद्धा! तिसऱ्या भेटीत त्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली.

"घ्या मॅडम. आता न्हाई वढत."

मी ती कचऱ्यात टाकली, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मामा खुशीत. "तलफच न्हाई आली बघा! बिलकुल न्हाई."

असं होत नसतं. चिडचिड, घाम, झोप उडणं – पहिल्या दिवसांत हे ठरलेलं. मला नवल वाटलं, बरंही वाटलं.

त्याच दुपारी डबा खाऊन झाला आणि माझा हात डाव्या कानाकडे गेला. तिथं काहीतरी असायला हवं होतं…

मग ते सुरूच झालं. चहा झाला की हात कानावर. जीव नुसता कासावीस. एका जागी बसवेना, नवऱ्यावर उगाच खेकसायचे. चौथ्या दिवशी मस्तगडला भाजी घ्यायला गेले आणि पानटपरीसमोर उभी राहून म्हणाले, "एक बिडी बंडल द्या." टपरीवाला बघतच राहिला. मीही. पेशंटना जे सांगते तेच मग स्वतः करू लागले – बडीशेप, पाण्याचे घोट, दीर्घ श्वास. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "स्ट्रेस आहे. सुट्टी घे."

तोवर मामा डिस्चार्ज होऊन घरी गेले होते. अकराव्या दिवशी, चारच्या सुमारास, ओपीडीत बसलेली असताना सगळं एकदम थांबलं. पंखा बंद झाल्यावरच त्याचा आवाज होता हे कळतं ना, तसं. इतकं हलकं वाटलं! दहा मिनिटांत मामांच्या बायकोचा फोन.

"मॅडम, यांनी आत्ताच बिडी पेटवली हो. इतके दिवस बराबर होते. एकदम काय झालं, काही समजून न्हाई राह्यलं."

खरं सांगते – पहिला विचार आला, राहू दे. मी तर सुटले… त्याची आजही लाज वाटते. मामांचे रिपोर्ट मी पाहिले होते.

"मामांना फोन द्या, मामी."

मामा रडवेले. "चुकी झाली, मॅडम."

"विझवा. आत्ता, मी फोनवर असताना."

पलीकडून चप्पल घासल्याचा आवाज आला. आणि इकडे माझा मोकळा हात… कानाकडे.

पुढचे दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. पेशंटची उतरते तशीच, हळूहळू माझीही तलफ उतरली. मामा आता न थांबता गोदावरीपर्यंत चालत जातात. त्यांना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

त्याआधी किंवा नंतर कुठल्याच पेशंटच्या बाबतीत असं घडलं नाही. मग त्यांच्याच बाबतीत का? फक्त नव्या पेशंटला "आजपासून सोडा" म्हणताना अजून क्षणभर जीभ अडखळते… मग म्हणते.