एका तोंडाची वस्ती

आमच्या वस्तीचा होणारा आड घालवला तो माझ्या बापानं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोण, कोण करत बसायला नको. बापाच्या मागं आमचे गुरुजी, आणि गुरुजींच्या मागं गावातली झाडून सगळी पिकली डोकी.

मोंढ्यात पोत्यांची थप्पी लागते ना, तशी त्या एका निवडणुकीच्या किश्श्यांची माझ्याकडं थप्पी लागलीय. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये दोस्त म्हणतात, "नामा, तो गुरुजींच्या तांब्याचा सांग की!" मी सांगतो, ते हसतात. हसा! पण थप्पीतलं खालचं पोतं ओढलं की सगळी थप्पी अंगावर येते, हे हमालाच्या पोराला सांगायला नको.

गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथंच राहायचंय. कळंबकडचं आहे, धान्याचा मोंढा मोठा आहे, एवढं पुरे. मोंढ्यामागं ओढा, ओढ्यापलीकडं आम्हा हमालांची वस्ती. निजाम गेला, हैदराबाद गेलं, मुंबई राज्य आलं. आड काही आला नाही! पाणी आणायचं ते मोंढ्यातल्या बड्या शेठच्या बारवेवरून, तेही त्याची बैलं पिऊन झाल्यावर.

पालिकेत आपलं एक माणूस गेलं तर वस्तीत आड होईल, म्हणून आम्ही मंडळ काढलं. मंडळ म्हणजे तिघं. पेन्शनीतले गुरुजी, मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडणारी हौसाक्का, आणि मॅट्रिकचा वर्ग सोडून आलेला मी. "एक वर्ष गेलं तर जाऊ दे रे," गुरुजी म्हणाले होते. "हेडमास्तर माझा विद्यार्थी. पुन्हा नाव घालून देतो, माझा शब्द!"

*

मतदारांची यादी करायला कारकून आला. बायकांना विचारतो, "नवऱ्याचं नाव?" बायका पदर तोंडात धरून उभ्या. नवऱ्याचं नाव असं फुकट कोण घेतं? कारकून म्हणाला, "नाव नाही तर यादीत नाही," आणि वही मिटायला लागला.

हौसाक्का ओरडली, "अगं, उखाण्यात घ्या की!"

झालं! बायकांची लाइन लागली. "मोंढ्याच्या दारात ज्वारीची रास, सोपानरावांचं नाव लिवा यादीत खास!" कारकून घाम पुसत म्हणाला, "बाई, नुसतं सोपान सांगितलं तरी चालेल हो!" दुपारपर्यंत तो उखाणेच लिहीत होता.

शेवटी हौसाक्काची पाळी. ती विधवा. कारकून म्हणाला, "तुमचं कसं लिहू? कुणाची बायको, का कुणाची आई?"

"मताची मालकीण लिवा!"

*

उभं कोण राहणार, हा पुढचा घोळ. समोर खुद्द शेठ. त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे उद्यापासून पाठीवर पोतं नाही. हमाल एकमेकांकडं बघायला लागले. दीड तास लोकशाहीवर बोललेल्या गुरुजींना तेवढ्यात आपली प्रकृती आठवली.

हौसाक्का म्हणाली, "म्या ऱ्हाते. माझ्याकडून काय काढून घेतील, झाडू?"

शेठ निवडणुकीनंतर तोही काढून घेणार होता. पण ते पुढचं.

*

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर निशाणी चिकटवलेली. आमची शिडी, शेठचा तराजू. आम्ही डालड्याच्या दोन डब्यांवर कोळशानं शिडी आणि तराजू काढले, एकेकाच्या हातात एकेक चिंचोका दिला आणि रिहर्सल घेतली. डबे पालथे केले तर तराजूचा भरलेला आणि शिडीच्या डब्यात पाच-सहा चिंचोके!

मी भडकलो. सगळ्यात म्हाताऱ्या लिंबाजीदादाला धरलं. "दादा, शिडी सांगितली होती ना?"

"सांगितली व्हती बाबा. पन जल्मभर जे उचललं ते नेऊन तराजूतच टाकलं. हात आपोआप जातोय!"

*

आता तो तांब्याचा.

गुरुजी वस्तीत भाषणाला यायचे ते घरून तांब्या घेऊन. समतेवर बोलायचे, मध्येच घसा सुकला की स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे, पुन्हा समता. एकदा हौसाक्कानं भरलेला गडवा पुढं केला. गुरुजी हात जोडून म्हणाले, "तसं काही मनात आणू नकोस हो. पण ते बारवेचं पाणी... पोट बिघडतं माझं."

"आमचं बी बिघडतंय गुरुजी," हौसाक्का म्हणाली. "आमाला दुसरा तांब्या न्हाय."

लोक हसले. गुरुजीही हसले! मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. पुढच्या भाषणाला ते आले तेव्हा तांब्या होताच. फक्त पिशवीत.

*

माझा बाप, आप्पा, मोंढ्यातला मुकादम. हमालांच्या टोळीला तोंड एकच, मुकादमाचं. ट्रक कधी उतरवायचा, कोण कुठं लागायचं, हे मुकादम बोलला की टोळी बोलली. गुरुजींना यातच आयडिया सुचली. "दारोदार कशाला फिरायचं? मुकादमाचा शब्द घेतला की अख्खी वस्ती आली!"

मलाही पटलं. खोटं कशाला बोलू? वस्तीभर मीच ओरडत फिरलो, "फुटू नका! एका तोंडानं बोला!" आणि आप्पांनी तुळजापूरच्या आईचा भंडारा उचलून शब्द दिला, "टोळी हौसाच्या पाठीशी."

मतदानाला चार दिवस राहिले असतील. शेठनं आप्पांना दुकानात बोलावलं. पैसा नाही, दारू नाही, धमकी नाही. डोक्याला गुलाबी फेटा बांधला, आणि हात धरून आपल्या शेजारी गादीवर बसवलं. बस्स! भर मोंढ्यात, सगळ्या अडत्यांच्या देखत.

आप्पा घरी आले ते फेट्यासकट. मी विचारलं, "शेठला शब्द दिलात काय?"

"तीस वर्सं त्या गादीम्होरं हुबा ऱ्हायलो, नामा. आज बस म्हनला. बसल्यावर न्हाय कसं म्हनू?"

"आणि आईचा भंडारा?"

आप्पांनी फेट्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "आई समजून घेईल. शेठ न्हाय घ्यायचा."

आहे का उत्तर? देवीलासुद्धा उधारीत ठेवणारी ही आमची वडीलधारी माणसं! आणि म्हणे पोरांनी पाया पडावं!

*

मतदानाच्या दिवशी टोळी आली ती ट्रक उतरवायला येते तशी, एकामागं एक. शाळेच्या फाटकाजवळ आप्पा, गुलाबी फेट्यात. बोलत काही नव्हते. नुसतं तळहात वर-खाली करून पारडं दाखवायचे, की माणूस आत.

माझं वय बसत नव्हतं, मला मत नव्हतं. अख्ख्या वस्तीला मत शिकवलं आणि मी रस्त्यापलीकडं चिंचेखाली! लिंबाजीदादा बाहेर आला, बोटाची शाई मला दाखवायला लागला. मी तोंड फिरवलं.

"का रं चिडतोस? तूच म्हनला व्हतास न्हवं, समद्यांनी एका तोंडानं बोला? बोललो की!"

गुरुजींना जाब विचारायला गेलो, तर ते शेठच्या मांडवात चहा पीत होते. शेठच्या कपातून. तिथं पोट बिघडत नव्हतं वाटतं!

*

शिडीच्या पेटीत अकरा मतं निघाली. अकराच्या अकरा बायकांची असणार, हे पुरुषांच्या पडलेल्या माना बघून कळत होतं. मी पालिकेच्या पायरीवर डोकं धरून बसलो. तेवढ्यात हौसाक्का आली. पडलेली उमेदवार ती, आणि माझ्याच पाठीत रट्टा घातला.

"रडतोस काय? एका तोंडाच्या वस्तीत अकरा तोंडं निघाली की, पोरा!"

दुसऱ्या दिवशी मोंढ्याच्या फाटकावर तिला अडवलं. झाडू बाहेर, हौसाक्का बाहेर. पाणी अजून बारवेवरूनच येतं. आता राखणदार तिची घागर सगळ्यांच्या शेवटी भरू देतो.

*

आणि हा शेवटचा. हा मी कँटीनमध्ये सांगत नाही.

निकालाच्या गुलालानंतर आठवड्याभरानं लातूरकडून हरभऱ्याचा ट्रक यायचा होता. आप्पा सकाळी मोंढ्यात गेले, डोक्याला तोच फेटा. मी त्यांची भाकरी घेऊन मागून गेलो. बघतो तर आप्पा थेट शेठच्या दुकानात शिरले, चपला काढल्या, आणि गादीवर जाऊन बसले. शेठच्या शेजारी. पाय पोटाशी घेऊन, अगदी कडेला.

शेठनं वर बघितलंसुद्धा नाही. मुनीम म्हणाला, "मुकादम, उठा. ट्रक आलाय."

आप्पा उठले. बाहेर टोळी उभी होती. मुकादम कधी स्वतः पोतं उचलत नाही. आप्पांनी फेटा उतरवला, गुंडाळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि ट्रकला पाठ लावून पहिल्या पोत्याखाली मान घातली.

भाकरी लिंबाजीदादाकडं दिली आणि मी तिथून शाळेत गेलो. गुरुजींचा शब्द सांगितला, तरी हेडमास्तरांनी माझं नाव पुन्हा घातलं नाही.