अण्णांची न घेतलेली जीप

अण्णांना कुठलीही वस्तू आवडली तरी ते तोंडावर दिसू देत नसत. अण्णा म्हणजे माझे सासरे. दुधनीच्या बाजारात त्यांचं तुरीचं आडत दुकान होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठ काढायची, तळहातावर पसरायची आणि शेतकऱ्याकडे न बघता म्हणायचं, "माल बरा हाय, पण..." त्या 'पण'नंतर काय येतंय या काळजीनं भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडायची. मला बघायला आले तेव्हाही तेच. सगळे पोहे खात होते आणि अण्णा म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण लई दमल्यासारखी दिसती." खोटं कशाला सांगू, दमलेच होते. अजूनही दमलेलीच असते.

गावात कुणी बैल, जुनी स्कूटर, घराची जागा घ्यायला निघालं की अण्णांना बरोबर न्यायचं. खोट काढायला. त्यातही एक रीत होती. घेणाऱ्यानं स्वतः 'नको' म्हणायचं नाही. विकणारा ओळखीचा, उद्या बाजारात पुन्हा भेटणार. वस्तू पसंत असेल तर घेणारा भाव विचारायला लागतो. नसेल तर मालकासमोर मोठ्यानं म्हणतो, "काय अण्णा, घ्यायची का?" तेवढं ऐकलं की अण्णांनी नको म्हणायचं आणि वाईटपणा आपल्या अंगावर घ्यायचा. "न्हाय म्हणायला दुसऱ्याचं तोंड बरं असतंय, अव्वा," ते मला सांगत; लाडात आले की मला अव्वा म्हणायचे. "आपल्याच तोंडानं म्हटलं की आपली हौस बी मरती." निम्मं गाव त्यांच्यावर रुसलेलं असायचं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

सासूबाई गेल्या, मग अण्णांचे गुडघे गेले. एकदा न्हाणीत पडले तेव्हा आम्ही त्यांना सोलापूरला आणलं. "चार दिवस येतो," म्हणून आले. कपड्यांची पिशवी पलंगाखाली ठेवली. मी कपाटाचा कप्पा रिकामा करून दिला, पण त्यात त्यांनी एक सदरा ठेवला नाही. रोज सकाळी विचारायचे, "दुधनीला कवा सोडतीस?" एकट्यानं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा म्हणायचा, "तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात." म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर पोरांना नाही म्हणायचं आणि घरी येऊन सासऱ्यांना. नाही म्हणण्याचा मला अगदी वीट आला होता.

अशात ती जीप निघाली. कुणीतरी त्यांच्या फोनवर फोटो पाठवला. जेऊरकडे, उजनीच्या पाण्याकाठी, एका केळीच्या बागायतदाराला जुनी जीप विकायची होती.

"घ्यायची, नीट करायची, डायवर ठेवायचा," अण्णा म्हणाले. "पावसात शेताच्या वाटंला हीच चालती. मग मी दुधनीत राहायला मोकळा."

"पण चालू आहे का ती?"

"हुईल की."

महिनाभर घरात दुसरा विषय नाही. शेवटी एका रविवारी, नळाला पाणी यायचा दिवस असूनही, पिंपं तशीच टाकून मी त्यांना आमच्या गाडीत घातलं आणि निघाले.

जीप बाभळीखाली होती. चाकं मातीत रुतलेली, पत्र्याची गंजून चाळण झालेली, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. बॉनेट उघडलं तर आतलं निम्मं सामान जागेवर नव्हतं. मी अण्णांच्या 'पण'ची वाट बघत होते. तो आलाच नाही. काठी टेकत त्यांनी फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारली, बोटाला लागलेला गंज धोतराला पुसला. "जुनं लोखंड हाय," म्हणाले. "असं आता मिळत न्हाय."

मग त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं होतं. एक पाय त्यांनी वर टाकला. मी आणि मालकांनी दोन्ही बाजूंनी धरलं, पण दुसरा पाय काही जमीन सोडेना. बराच वेळ आम्ही तसेच उभे. अण्णांनी वरचा पाय हळूच खाली घेतला आणि टोपी नीट केली.

आता भाव विचारतील, असं मला वाटलं. विचारला असता तर मी आडवी आले नसते, तेवढं त्राण उरलं नव्हतं. अण्णांनी मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्यानं विचारलं, "काय सुनबाई, घ्यायची का?"

रीत त्यांनीच शिकवलेली. मी आवाज चढवला. "अजिबात नको. भंगार आहे नुसतं. मी असेपर्यंत हे आमच्या दारात येणार नाही."

मालक बिचारे वरमले. अण्णा त्यांना म्हणाले, "बघा, आमचं कायबी चालत न्हाय घरात."

कुर्डुवाडी मागे पडल्यावर म्हणाले, "लई कडक बोललीस की." आणि डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली आणि सदरे एकेक करून कपाटात ठेवले.

त्यानंतर मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "सुनेनं जीप घिऊ दिली न्हाय, न्हायतर आज दुधनीत असतो मी." दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, लग्नातल्या पाहुण्यांना. लोक माझ्याकडे बघायचे. राग यायचा मला, माणूस आहे मी. एकदा म्हटलं, "अण्णा, आता पुरे करा की." तर हसून म्हणाले, "इतक्यात? अजून अक्कलकोटचे पाहुणे यायचे हायत."

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. माती दुधनीलाच दिली. तिथलं घर माणसांनी भरलेलं होतं. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, डोळे पुसत सगळ्यांसमोर मला म्हणाली, "येवढी एक हौस हुती त्येची. घिऊ द्यायची हुतीस की गं ती गाडी. आपल्या घरात तरी राहिला असता."

नवऱ्याला मी सगळं सांगितलेलं होतं. तो म्हणाला, "आत्या, तसं नव्हतं ते. अण्णांनाच..."

मी त्याचा हात दाबला.

"मीच नको म्हटलं, आत्या," मी म्हणाले.