खाली थर्माकोल, वर आम्ही

घाटंजीकडून आमच्या गावात शिरलं की डाव्या हाताला आमचं घर लागतं. लोक त्याला थर्माकोलचं घर म्हणतात. भिंती विटांच्या, वर स्लॅब, दारं सागाची. थर्माकोल कुठेच दिसत नाही, कारण तो सगळा जमिनीखाली आहे. बांधताना साऱ्या गावाने पाहिला, म्हणून नाव पडलं ते पडलंच. आता या घरात मी एकटी असते. थंडी पडली की त्या जमिनीवर बसून तूर निवडते, आणि ज्याच्या डोक्यातून ती जमीन निघाली त्याच्याशी मनातल्या मनात भांडते.

आमचे हे लोहाऱ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला होते. मशिनी बघायचं काम, पण जीव सगळा तिथल्या जमिनीत. कोल्ड स्टोरेजच्या जमिनीखाली थर्माकोलच्या जाड पाट्या असतात आणि त्या नसल्या तर काय काय होतं, हे मी लग्नापासून ऐकत आले. दुसऱ्यांचे नवरे जेवताना भाजीला नावं ठेवतात, माझा नवरा ज्याच्या घरी जेवायला जाई त्याच्या जमिनीला ठेवायचा.

मी अंगणवाडीत होते. अंगणवाडी म्हणजे शहाबादी फरशी आणि त्यावर पोरांबरोबर फतकल मारून बसणं. नोकरी संपेपर्यंत माझे गुडघे कामातून गेले होते. हिवाळ्यात फरशीवर पाय टेकवला की कळ थेट कमरेपर्यंत जायची. खुर्चीवर बसा, डॉक्टर सांगायचे. पण जिचा जन्म खाली बसण्यात गेला तिला खुर्चीवर बसून भाकरी गोड लागत नाही. खुर्चीवर बसले की मला कोणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखं वाटे.

रिटायर झाल्यावर गावच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा ते एकदा म्हणाले, "तुह्या गुडघ्यासाठी जमीन बांधतो."

"लोकं बायकोले बांगड्या करतात, अन् तुम्ही जमीन करा," मी म्हटलं.

त्यांनी मग मला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. जमीन आपण होऊन थंड नसते. आपण बसलो की ती आपल्या अंगातली ऊब ओढून घेते आणि खाली मातीला देऊन टाकते. माती कितीही घेते, तिचं पोट भरत नाही. मध्ये थर्माकोल घातला की तिला खाली देता येत नाही, मग ती आपलीच ऊब आपल्यापाशी ठेवते. मी मान हलवली. खरं म्हणजे तेव्हाही मला ते पटलेलं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून हलवली.

जोतं झालं आणि त्यांचं जेवण तुटलं. आधी पित्त म्हणून सोडून दिलं, मग यवतमाळला दाखवलं, मग तपासण्या झाल्या. पोटातला आजार निघाला, आणि तो आता मागे फिरणार नाही असं डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. ते यांनी दाराआडून ऐकलं. परत येताना गाव आलं तसं म्हणाले, "जमिनीचं काम आधी उरकून घेऊ." म्हणजे मला कळलं की भिंतींचं, रंगाचं, कशाचंच त्यांना पडलेलं नाही. तेवढी जमीन आपल्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

आमची माती काळी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती खणून काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर रेती पसरली. मग थर्माकोलच्या पाट्यांची गाडी आली आणि त्याच दिवशी वारं सुटलं. पाट्या उडाल्या त्या थेट शेजारच्या कपाशीत. कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस अन् डोक्यावर थर्माकोल घेऊन एकामागून एक बांधाने येत होत्या. "टीवीच्या खोक्यातलं आहे ना हे? घराखाली कायले टाकता वं?" एकीने मला विचारलं. "टीवी फुटू नाई म्हून," मी म्हटलं. हे खुर्चीत बसून पोट धरून हसले. पोट दुखत होतं तरी हसले. त्यांना तसं हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

काँक्रीट पडायच्या आधी बाई आल्या. बाई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. पुसदच्या पुढे राहतात. माझी सासू लवकर गेली, तेव्हा बाईंनीच या भावाला कडेवर घेऊन मोठा केला. बाई तापट, तोंडाच्या फटकळ, आणि मीही काही मऊ नाही, त्यामुळे आमचं दोघींचं एका घरात फार वेळ जमायचं नाही. बाई सगळ्या खोल्यांतून फिरल्या, काळं प्लास्टिक, त्यावरच्या पांढऱ्या पाट्या बघितल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या,

"साऱ्या घरात माती कोठीच नाई ठेवली. अन् कोनाले भुईवर घ्यायचं झालं तं?"

आमच्याकडे माणसाचा श्वास लागला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. शेणाने सारवलेल्या भुईवर उतरवून घेतात. जाताना मातीला टेकून जावं, अशी समजूत. बाईंना आजाराचं कळलेलं होतं. तरी त्या बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांचाच चेहरा पडला. मी यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याने बघवलं नाही.

"ठेवू ना," हे सहज म्हणाले. "समोरच्या खोलीत दारापाशी ठेवू. मानूस निजल एवढी."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "साहेब, एवढा मालमसाला घालून जमीन गरम कराची, अन् तिलेच भोक पाडता?"

"उनाया आहे ना लेका आपल्याकडं. थर्माकोलची जमीन उनायात गार नाई लागत. मंग मी लोळू कोठी? माही बैठक राहीन ते. उनायात इकडं, हिवायात तिकडं."

मिस्त्रीला पटलं. त्याने विटांची कड लावून तेवढी जागा मोकळी सोडली, आणि हे, बाई आणि मी, आम्ही तिघं ती बैठक कशासाठी आहे हे माहीत असून तिला बैठकच म्हणत राहिलो. हा वेडेपणा आमच्याच लोकांना सुचावा. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून एवढा आटापिटा, आणि दारातच मातीला आपणच वाट करून दिलेली.

काँक्रीटच्या दिवशी ते मफलर गुंडाळून खुर्चीत बसून होते. भिंतीच्या कडेने थर्माकोलची उभी पट्टी घालायची असते. काँक्रीट भिंतीला टेकलं की ऊब तिकडून पळते. एका कोपऱ्यात मजुरांनी पट्टी न घालताच माल ओतला. हे उठले, स्वतः फावड्याने तो ओढायला लागले. मला इतका राग आला!

"जीव जाऊन राह्यला तरी पट्टीच पाह्यजे काय तुम्हाले?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"जीव जाईन तं जाईन," ते म्हणाले, "पट्टी राहीन ना."

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. परत आले तेव्हा पट्टी बसली होती.

उन्हाळ्यात आम्ही राहायला आलो. त्यांचं खरं ठरलं, ती जमीन उन्हाळ्यात काही गार लागेना. बाकीचा गाव दुपारी फरशीवर आडवा होई आणि आम्ही कूलरसमोर. ते मात्र बैठकीत. मी तेवढा तुकडा पांढऱ्या मातीने आणि शेणाने सारवून द्यायची, ते उघड्या अंगाने त्यावर निजायचे, ओला पंचा छातीवर टाकून. "ये तू बी," म्हणायचे. मी त्या जागेवर कधी बसले नाही. सारवायची, पण बसायची नाही. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

पहिली थंडी पडली त्या सकाळी मी खाली बसून मेथी निवडत होते. निवडून झाली, उठले, आणि उठल्यावर लक्षात आलं की गुडघ्याला हात न लावता उठले. त्यांनी पाहिलं होतं.

"जेथी बसली होती तेथी हात लावून पाह्य," ते म्हणाले.

लावला. काँक्रीटवरचा लाल सिमेंटचा कोबा कोमट लागला, जसं पोर उठून गेल्यावर अंथरूण लागतं.

"कोनाची ऊब आहे ते?"

"माही."

"मंग झालं तं," म्हणाले आणि तोंड वळवलं. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही भरले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी तोंडाने चांगलं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "जमीन चांगली झाली." ते मला आयुष्यभर पुरेल.

पुढे थंडी वाढली तसे ते खंगत गेले. अंगावर मांस उरलं नव्हतं, त्यामुळे थंडी सारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरी आल्यावर त्यांना खाट नको होती. खाली, कोब्यावर, एक चादर टाकून निजायचे आणि वरून दोन रजया. खालून गार लागत नाही, हे मला खुणेने सांगायचे. बोलणं कमी झालं होतं.

बाई आल्या. मुलगा सुटी टाकून आला. पौषातली ती सकाळ, त्यांचा श्वास बदलला. बाईंनी पाहिलं, शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, पदर खोचला आणि दारापाशी बैठक सारवायला बसल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. सारवून झाल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "चाल, उचल बापाले."

मी जाऊन सारवणावर हात ठेवला. ओलंगच्च आणि गार, अगदी बोटं आखडतील असं. मागे वळून पाहिलं तर ते रजईखाली कुडकुडत होते आणि डोळे माझ्याकडे होते.

"नाई," मी म्हटलं. "हात लावू नको त्याईले."

"काहून?" बाई म्हणाल्या.

"थंडी वाजून राह्यली त्याईले. त्याईनंच सांगतलं होतं, हिवायात तिकडं."

"ते बसा-उठाचं सांगतलं होतं वं!"

"सारंच सांगतलं होतं."

बाई उठून माझ्यासमोर आल्या. शेणाचे हात तसेच. "माय मेली तं मी त्याले पाठीवर वागवला. एवढ्यासाठी? अधांतरी जाऊ देऊ काय त्याले? खाली पिलास्टिक, त्याच्यावर तुहा तो थर्माकोल, भुई लागन कोठून? माह्या भावाले वीतभर भुई नाई देत तू?"

बाईंचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले ते उठले नाही. मुलगा दोघींच्या मध्ये उभा. शेवटी तोही खाली बसला आणि त्याने बापाचे पाय चोळायला घेतले. बाई दारापाशी भिंतीला टेकून बसल्या, तोंडावर पदर घेऊन. दुपार झाली. हळूहळू यांचं कुडकुडणं थांबलं. थांबल्यावर मी मुलाकडे बघून म्हटलं, पाह्य, ऊब लागली त्याईले. थोड्या वेळाने श्वासही थांबला.

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. "आता तरी दे वं त्याले."

"घ्या," मी म्हटलं.

बाईंनी आणि मुलाने त्यांना उचललं आणि दोन हातांवरच्या त्या सारवलेल्या जागेवर ठेवलं. एव्हाना ती सुकली होती. मी चादर काढली. खाली नुसता लाल कोबा. मी त्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काय करून राह्यली आता तेथी?" बाई चिडून म्हणाल्या. "पानी टाक तापाले."

मी त्यांचा हात धरला. ओढून घेतील असं वाटलं, पण त्यांनी ओढला नाही. मी तो खाली टेकवला. बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग बसल्या, दुसराही हात टेकवला, आणि पाठ होती तिथून खांदे होते तिथपर्यंत जमीन चाचपत गेल्या.

"गरमच आहे वं अजून," म्हणाल्या.

दाराबाहेर माणसं जमायला लागली होती. कोणी तरी मुलाला हाक मारत होतं. बाईंनी खांद्यावरची शाल काढली आणि त्या रिकाम्या जागेवर पांघरली.